मास्तरांचा उजवा पाय

सदर इसम पुरुष असून वय चाळिशीच्या अलीकडचे, बांधा मध्यम, वर्ण जसा असतो तसा. व्यवसाय : मोटार चालविण्यास शिकविणे. स्वभाव : शिकविणे. ओळखीची खूण : उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या बराच आधी झिजतो. वैवाहिक स्थिती : विवाहित, पत्नीस विचारणा केली असता तिने नाकारले नाही. अपत्य : एक, कन्या, वय वर्षे चार. सदर इसमाच्या नावावर अपघात नाही, दंड नाही, तक्रार नाही. सदर इसम गप्प बसल्याची नोंद कोठेही आढळून येत नाही.

हे वर्णन कुठल्याही दप्तरात नाही. पण ज्या शहरात निम्म्या लोकांना एकाच माणसाने गाडी शिकवली आहे, तिथे ते लिहून ठेवायची गरजही पडत नाही. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तर फुटपाथवरून जाताना दिसले की सिग्नलला थांबलेल्या माणसांचे दोन्ही हात आपोआप स्टिअरिंगवर येतात. एका मोठ्या कचेरीचे साहेब मास्तरांना पाहून घाईघाईने सीटबेल्ट लावताना लोकांनी पाहिलेले आहेत. साहेब त्या वेळी मागच्या सीटवर होते आणि गाडी पेट्रोल पंपावर उभी होती.

गाडी शिकवायच्या मोटारीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपण थांबवली. बहुतेक वेळा ती मास्तरांनी थांबवलेली असते, पण हे सांगून कोणाचा हुरूप घालवण्यात मास्तरांना रस नाही. इतकी वर्षं हेच करून त्यांचा उजवा पाय त्यांच्याहून हुशार झाला आहे. समोर सायकल आली, चेंडू आला, नुसती शंका आली तरी पाय आधी पोचतो आणि मास्तर मागून. बसमध्ये बसले तरी पायाने नसलेला ब्रेक दाबतात. सिनेमात मोटारींचा पाठलाग लागला तर पुढच्या रांगेतला माणूस वळून बघतो. मास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण आपल्याला खोड आहे हे जित्याला सांगायला आधी कोणीतरी लागतं.

मुलीला घरात खारू म्हणतात. खार जशी वस्तू उचलून कुठेतरी ठेवून येते, तसं हिचं दिवसभर चाललेलं असतं. चमचे पलंगाखाली जातात, कपड्यांचे चिमटे बुटांत जातात, साबण एकदा फ्रीजमध्ये सापडला होता. हे करताना ती सतत बोलते. आईशी बोलते, सांभाळणाऱ्या मावशीशी बोलते, कुकरशी बोलते. कुकरने शिट्टी दिली की त्याला “हो, हो, ऐकलं” म्हणते. आणि दारात मास्तरांची किल्ली फिरली की नळ बंद केल्यासारखं बोलणं थांबतं.

भीती नव्हती. असती तर समजलं असतं. ती दारापर्यंत यायची, त्यांच्या हातातली पिशवी घ्यायची, घरातल्या चपला आणून पुढे ठेवायची. विचारलं तर मान हलवायची. हवं ते बोटाने दाखवायची. पण शब्द नाही. आधी वाटलं लाजते, मग वाटलं रुसली आहे, आणि बघता बघता घरात कोणाला आठवेना की ती मास्तरांशी शेवटचं काय बोलली होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी कानात बघितलं, घशात बघितलं आणि यंत्रणा ठीक असल्याचं सांगितलं. हे वाक्य मास्तरांच्या ओळखीचं होतं. गॅरेजवाले ते म्हणतात, आणि गाडी तरीही सुरू होत नाही.

सुरुवात कशी झाली ते बायकोला माहीत होतं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना “आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं?” असं विचारून तिचा स्वभाव शांत झाला आहे. तिने बघितलं होतं ते असं. खारू धावत यायची आणि म्हणायची, बाबा, आज ना शाळेत... आणि मास्तर म्हणायचे, आधी हात धू. बाबा, ती ताई आहे ना... कोण ताई, नीट सांग, पहिल्यापासून. बाबा, मी ना पाणी... सांडलं असेल, पुसून घे. मास्तरांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना प्रत्येक वाक्याच्या पुढच्या वळणावरचा खड्डा दिसायचा. बिचारी पहिल्या गिअरमध्ये जेमतेम निघायची, की शेजारून ब्रेक. गाडी शिकायला आलेल्या माणसाचं असं झालं तर तो क्लास बदलतो. बापाचा क्लास बदलता येत नाही. खारूने गाडीच बंद करून ठेवली.

डॉक्टरांनी एक कागद दिला होता. लहान मुलांच्या पालकांचा गट, दर शनिवारी दुपारी, सार्वजनिक वाचनालयाचा वरचा मजला, मुलांना सोबत आणावे. शनिवारी चष्म्याच्या दुकानात गर्दी असते, म्हणजे जायचं मास्तरांनी. मास्तरांनी सांगून टाकलं की ते माणसांना शिकवतात. त्यांना शिकवायला तिथे कोण बसलंय?

“मग जाऊन बघा,” बायको म्हणाली. “नाही आवडलं तर शिकवून या.”

मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं. बायकोने भांडी पुसत, न वळता विचारलं, “तिचा आवाज आता कसा झालाय, माहीत आहे का तुम्हाला? बदललाय जरा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर जिना चढून आले, किल्ली कुलपाला लावली आणि फिरवली नाही. आत खारू कोणाला तरी काहीतरी समजावून सांगत होती. आवाज खरंच बदलला होता. थोडा जाड झाला होता, मध्येच एखाद्या शब्दावर बसकण मारत होता. शब्द नीट कळत नव्हते. मास्तर किल्ली धरून उभे राहिले. शेजारच्या बाई वर येत होत्या, त्यांनी विचारलं, किल्ली अडकली का? मास्तर हो म्हणाले.

शनिवारी ते गेले.

वाचनालयाचा वरचा मजला मुलांच्या विभागाचा होता, म्हणून खुर्च्याही मुलांच्याच. मोठी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून गोल करून बसली होती. मध्ये काचेची भिंत, तिच्या पलीकडे मुलं, त्यांच्याबरोबर वाचनालयातली एक मुलगी. गट चालवणाऱ्या बाई पूर्वी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या आणि त्यांना अजून सगळे सिस्टर म्हणत. सिस्टरनी सुरुवातीलाच सांगितलं की इथे कोणी नापास होत नाही, म्हणून पासही होत नाही, आणि चहा त्या टेबलावर आहे.

मास्तरांची अपेक्षा होती की कोणीतरी भाषण करील आणि त्यातल्या चुका काढता येतील. भाषण झालंच नाही. सिस्टरना काही विचारलं की त्या उत्तर द्यायच्या नाहीत. गोलाकडे बघून म्हणायच्या, “असं आणखी कोणाकडे होतं?” आणि हात वर यायचे. बँकेत काम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा मुलगा सकाळी बूट घालायच्या वेळी टेबलाखाली जाऊन बसायचा. हात वर. एक आजोबा होते, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मुलगी आणि जावई कामासाठी दूर, नातू यांच्याकडे. तो झोपायला तयार नसायचा आणि आजोबा गोष्ट सांगता सांगता स्वतः झोपायचे. हात वर, शिवाय हशा. एक बेकरीवाला होता, जुळ्या मुलांचा बाप, भुवयांना कायम पीठ. तो म्हणाला की पहाटेपासून भट्टीपुढे उभं राहून घरी गेल्यावर त्याचा आवाज चढतो, आणि मग मुलं रडतात, आणि मग त्याला रडू येतं. यावर कोणी हसलं नाही. बरेच हात वर आले.

मास्तरांची पाळी आल्यावर त्यांनी सांगितलं की मुलीचं तसं सगळं ठीक आहे. वेळेवर उठते. मग चहाच्या कपाकडे बघून म्हणाले, “माझ्याशी बोलत नाही.”

सिस्टरनी नेहमीचा प्रश्न विचारला. आजोबांनी हात वर केला. त्यांची मुलगी चारची असताना तीही अशीच गप्प झाली होती, म्हणाले, आता रोज फोन करते आणि ठेवत नाही. मास्तरांना बरं वाटलं आणि त्याच वेळी किंचित वाईटही वाटलं. आपलं दुखणं इतकं मामुली असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. काचेपलीकडे खारू दोन मुलांना हातवारे करून काहीतरी सांगत होती. ओठ हलताना दिसत होते. आवाज या बाजूला येत नव्हता.

घरी करायचं काम असं होतं : रोज थोडा वेळ मुलासोबत खेळायचं. गाडी मूल चालवणार. आपण हुकूम द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही, चूक काढायची नाही. जे दिसतं ते फार तर बोलून दाखवायचं. मास्तरांना हे अगदी सोपं वाटलं. ते रोज शेजारच्या सीटवर बसूनच पोट भरतात.

संध्याकाळी खारू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाट्यांत चमचे लावत होती. मास्तर शेजारी स्टुलावर बसले, पाठ ताठ, हात मांडीवर, आणि म्हणाले, “तू चमचा उचललास. तू चमचा वाटीत ठेवलास. आता तू डावीकडे वळलीस. आता तू मागे बघितलंस.”

बायकोने आतून विचारलं, “लायसन्स मिळालं का तिला?”

खारूने वाट्या उचलल्या आणि दुसऱ्या खोलीत नेल्या. आठवडाभर हेच चाललं. मास्तर नियमाने बसत, नियमाने हुकूम देत नसत, आणि खारू नियमाने वाट्या हलवत असे.

पुढच्या शनिवारी त्यांनी जरा तक्रारीच्या सुरातच सांगितलं की सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, एक हुकूम दिला नाही, एक प्रश्न विचारला नाही, उपयोग शून्य. सिस्टर म्हणाल्या, आपण इथेच करून बघू. मास्तर, तुम्ही खारू व्हा. मास्तर कोण होणार?

बेकरीवाल्याने हात वर केला. “मी होतो. पावाची व्हॅन मी ह्यांच्या शेजारी बसूनच शिकलोय. मला सगळं पाठ आहे.”

काचेपलीकडून लाकडी ठोकळे आणले गेले. मास्तरांनी कपाटाकडून ठोकळे उचलून आणायचे आणि सतरंजीवर मनोरा रचायचा. मोठ्या माणसाला गुडघ्यांवर चालताना जितकी प्रतिष्ठा राखता येते तितकी राखून मास्तर कामाला लागले. बेकरीवाला शेजारी खुर्चीवर बसला. पाठ ताठ, हात मांडीवर, तोंड बंद. नियमाप्रमाणे सगळं बरोबर.

पहिले दोन ठोकळे नीट बसले. तिसरा जरा मोठा होता. मास्तरांनी तो मनोऱ्याच्या वर धरला आणि शेजारी जमिनीवर आवाज झाला. टप. बेकरीवाल्याचा उजवा बूट. मास्तरांचा हात थांबला. त्यांनी तो ठोकळा ठेवला आणि दुसरा घेतला. टप. तो ठेवला. मग एक लहानसा घेतला, अगदी सुरक्षित वाटला म्हणून. तो हवेत असतानाच, टप. कोणी रागावलं नव्हतं. कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मास्तर ठोकळा हातात धरून बसून राहिले, आणि आपण मनोऱ्याकडे न बघता इतका वेळ त्या बुटाकडेच बघतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

तोवर खोलीत हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बँकेतल्या बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

“मी असं करतो?” मास्तरांनी विचारलं.

हसणं थांबलं. सगळे सिस्टरकडे बघायला लागले, सिस्टर छताकडे. शेवटी टपालवाले आजोबा मऊ आवाजात म्हणाले, “मास्तर, आत्ता विचारतानाही केलंत.”

मास्तरांनी खाली बघितलं. पाय होता तिथेच होता, म्हणजे पुढे होता.

बेकरीवाला आता ओशाळला होता. तो म्हणाला की गाडीत त्या टपचा त्याला फार आधार वाटायचा, चुकलो तरी मरत नाही हे माहीत होतं. फक्त क्लास संपल्यावर पहिल्यांदा एकटा व्हॅन घेऊन निघाला, तेव्हा पहिल्याच वळणावर गाडी उभी करून तो बराच वेळ थांबला होता.

“कशासाठी?”

“टप ऐकू येईना म्हणून.”

मग गोलातून उपाय निघायला लागले. कोणी म्हणालं बूट काढून बसा. कोणी म्हणालं पाय खुर्चीला बांधा. आजोबांनी सुचवलं की मांडी घालून, उजव्या पायावरच बसावं. स्वतःच्याच पायावर बसल्यावर तो कुठे जाणार? सिस्टरनी एकाही उपायाला चांगला किंवा वाईट म्हटलं नाही. करून बघा, म्हणाल्या, आणि शनिवारी येऊन सांगा. मास्तरांना या बाईंचा राग यायला हवा होता. पण ते स्वतः दर विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी हेच वाक्य सांगतात. फक्त त्यानंतर गप्प राहत नाहीत.

त्या संध्याकाळी मास्तर स्टूल सोडून जमिनीवर बसले, उजवा पाय खाली दाबून. बोलायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. खारूने एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या पायाकडे, म्हणजे पाय असायला हवा होता तिकडे. वाट्या तिथेच राहिल्या. असे काही दिवस गेले. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या खोलीतही गेली नाही. हेही शनिवारी सांगायचं असं मास्तर ठरवून होते.

आणि एका संध्याकाळी दाराची घंटा वाजली. मास्तर सवयीने झटकन उठले. डावा पाय उठला. उजव्याला इतक्या मुंग्या आल्या होत्या की तो आपलाच आहे हे मास्तरांना पटेना. ते एका बाजूला कलले, हवेत काहीतरी धरायला गेले आणि धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत बसले. टोपली आडवी झाली. एक मोजा कानावर आला.

खारूचा चेहरा आधी घाबरला, मग फुटला. ती इतकी हसली की तिलाही खाली बसावं लागलं. हसणं ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि अगदी व्यवहारी आवाजात बापाला सांगितलं,

“अजून एकदा पड.”

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना सूचना दिल्या होत्या. त्यांनी ही पाळली. दारात बायको उभी होती, ओढणीचं टोक तोंडाला लावून. घंटा तिनेच वाजवली होती, किल्ली घरी विसरली म्हणून, आणि दार शेवटी खारूने उघडलं होतं. तोपर्यंत मास्तर टोपलीत तिसऱ्यांदा पडत होते.

इथे गोष्ट संपवायला हरकत नव्हती, पण मास्तरांनी ती संपू दिली नाही. दुसऱ्या दिवशी क्लास आवरून ते उत्साहाने घरी आले आणि दारातच विचारलं, “काय मग, आज शाळेत काय काय केलं?” खारूने पिशवी घेतली, चपला आणून ठेवल्या, आणि आत निघून गेली.

शनिवारी मास्तर शेवटच्या खुर्चीवर बसले आणि पडलेल्या आवाजात सांगितलं की पाय पूर्ण ताब्यात होता, तरी असं झालं. सिस्टरनी विचारलं, शाळेत काय केलं हा प्रश्न कोणी कोणी विचारला आहे? सगळे हात वर आले. सिस्टरचाही आला. बँकेतल्या बाई म्हणाल्या की त्यांचा मुलगा याला “काही नाही” असं उत्तर देतो. गेली दोन वर्षं त्या शाळेत काहीही झालेलं नाही, आणि त्या फी भरताहेत. मग त्यांनी मास्तरांना आपली युक्ती सांगितली. विचारायचं नाही. आपल्या दिवसात काय झालं ते सांगायचं, आणि फजिती असेल तर आधी.

मास्तरांना फुकट काही घेणं जमत नाही. त्यांनी बाईंना विचारलं की सकाळी टेबलाखाली बसणाऱ्या मुलाला त्या काय सांगतात. बाईंनी एका दमात सांगितलं : ऊठ, बाहेर ये, बूट घाल, डबा घे, बटण लाव, रिक्षा आली. मास्तर म्हणाले की नव्या माणसाला ते क्लच सांगतात. क्लच दाबला गेला की मग गिअर. क्लच, गिअर, आरसा, इंडिकेटर हे एका श्वासात सांगितलं तर चांगला इंजिनिअरसुद्धा डोळे मिटून घेतो. त्याच्याकडे टेबल नसतं म्हणून, नाहीतर तोही खाली बसला असता. बाईंनी हे लक्षात ठेवलं. पुढच्या शनिवारी त्या म्हणाल्या की मुलगा अजून टेबलाखालीच जातो, पण बूट घालून जातो.

मास्तर घरी फजिती शोधायला लागले, आणि त्यांच्या धंद्यात तिला तोटा नाही. संध्याकाळी चपला घालता घालता ते कोणालाच न सांगितल्यासारखं म्हणाले की आज एका काकांनी गाडी मागे घेताना कुंडी पाडली.

खारू पिशवी घेऊन निघाली होती. ती थांबली.

“फुटली?”

“फुटली.”

“मग?”

मास्तरांना पुढचं सगळं सांगायचं होतं : आरसा बघायला हवा होता, सूचना दिली होती, कुंडी मुळात चुकीच्या जागी होती. त्यांनी दोन्ही ओठ आत ओढून धरले. मग म्हणाले, “मग ती कुंडीवाली बाई बाहेर आली.” खारूने पिशवी खाली ठेवली.

त्यानंतर रोज एक माणूस कुठेतरी आपटायला लागला. नसेल आपटला तर मास्तर एखाद्याला थोडा आपटवत. आधी नुसतं “मग?” यायचं, मग “त्याला रागावलास का?” आलं, आणि एके दिवशी “आमच्या ताईंची पण अशीच कुंडी आहे” असं अख्खं वाक्य आलं, विचारलेलं नसताना. मास्तर त्यावर काही बोलले नाहीत. रात्री बायकोला ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं ऐकवलं, दोनदा. बायकोने विचारलं, आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं?

गाडीतला दुसरा ब्रेक आहे तिथेच आहे, हेही सांगायला हवं. तो काढावा असं गटात कोणी सुचवलं नाही आणि मास्तरांनी ऐकलंही नसतं. रस्त्यावर तो लागतो. आता इतकंच होतं की गाडीतून उतरताना ते क्षणभर थांबून उजव्या पायाकडे बघतात, दुकान बंद करताना कुलूप ओढून बघावं तसे.

शेवटच्या शनिवारी समारोप होता. आरोग्य केंद्राचे एक अधिकारी प्रमाणपत्रं द्यायला येणार होते आणि पालकांपैकी एकाने चार शब्द बोलायचे होते. गटाने एकमताने मास्तरांना निवडलं, कारण बोलायची सवय असलेला माणूस दुसरा नव्हता. मास्तरांनी चार शब्दांची तयारी केली. ते चांगले वाढले होते. बायकोला ऐकवले तेव्हा तिने मध्येच उठून कपडे वाळत घातले होते.

वेळेच्या बरंच आधी मास्तर आणि खारू वाचनालयाशी पोचले. मास्तर आजवर कधी उशिरा पोचलेले नाहीत. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर खारू थांबली आणि म्हणाली, “बाबा, आज ना शाळेत...”

मास्तरांचा पाय वरच्या पायरीवर पडलेला होता. त्यांनी तो काढून खाली घेतला.

“शाळेत ना, तो एक आहे ना, त्याचा दात पडला. वाळूत. मग तो रडला. मग आम्ही सगळ्यांनी शोधला. मग ताईंनी पण शोधला. चाळणीने.” ती पायरीवर बसली. मास्तरही बसले, इस्त्रीसकट. “मग ना, सापडला. पण तो त्याचा नव्हता.”

मास्तरांना विचारायचं होतं की मग कोणाचा होता. वाळूत हात घालून नंतर धुतले का, तेही विचारायचं होतं. वाळूत दुसऱ्याचा दात कसा काय असू शकतो आणि शाळेचं लक्ष कुठे आहे, हेही होतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले. खारूने गोष्ट पुन्हा पहिल्यापासून घेतली, कारण चाळणीचं नीट सांगून झालं नव्हतं. मग त्या परक्या दाताचं काय करायचं यावर वर्गात झालेली चर्चा आली. मग कोणाकोणाचे कुठले दात हलतात ते आलं, आणि ते दाखवण्यासाठी मास्तरांना तोंड उघडावं लागलं.

वर लोक जमले. अधिकारी घड्याळ बघायला लागले. मास्तर उशीर करतात हे कोणाला खरं वाटेना, म्हणून बेकरीवाला बघायला खाली आला. वळणावर तो थांबला. खालच्या पायऱ्यांवर दोन पाठमोरी माणसं होती आणि त्यातलं लहान बोलत होतं. त्याने आधी मास्तरांच्या बुटाकडे बघितलं. थोडा वेळ बघत राहिला. मग चवड्यांवर वर गेला आणि सिस्टरच्या कानाशी सांगितलं की मास्तर येत नाहीत.

“का?”

“दात शोधताहेत.”

सिस्टरनी जिन्याकडचं दार लोटून घेतलं, जिन्यात आवाज जाऊ नये म्हणून, आणि अधिकाऱ्यांना सुरुवात करायला सांगितलं.

मास्तरांचं प्रमाणपत्र आता घरी कपाटावर आहे. त्यात म्हटलं आहे की सदर पालकांनी कार्यक्रमाच्या सर्व बैठकांना उपस्थित राहून सक्रिय सहभाग घेतला व समारोपप्रसंगी उपस्थितांसमोर प्रभावी शब्दांत मनोगत व्यक्त केले. ते आदल्या दिवशीच छापून आलं होतं.

समारोप चालू होता तेवढा सगळा वेळ मास्तर खाली जिन्यात बसले होते आणि एक शब्दही बोलले नाहीत.